न्यायदालनाचा आवाज घरापर्यंत

वाचकहो, सौंसर-पांढुर्णा भागातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. १९५६ पूर्वी अशा कामासाठी जवळचे नागपूर गाठले की भागे. १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालय तेथेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. राजा गोकुळदास यांनी १८८९ साली उभारलेल्या भव्य वास्तूत ते नांदू लागले. या कुटुंबासाठी मात्र सुनावणी म्हणजे लांबचा प्रवास, मुक्कामाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि मागल्या बाकावरून अर्धवट ऐकू आलेले चार शब्द. न्यायमूर्तींनी काय विचारले, हे घरी वाट पाहणाऱ्या आईला सांगावे तरी कसे?

२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणास अनुकूल असा निर्णय दिला. २०२१ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यासाठी नियम केले आणि प्रक्षेपण सुरू झाले. परंतु दालनात एक कॅमेरा ठेवला म्हणजे हे काम साधते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

एक माईक का पुरत नाही?

बोलणाऱ्यापासून माईकचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी मोकळ्या जागी सुमारे ६ डेसिबलने घटते. उंच छताच्या दालनात भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी, पंख्यांची घरघर आणि कागदांची सळसळ मात्र तशीच राहते. म्हणून न्यायमूर्ती, दोन्ही पक्षांचे वकील आणि साक्षीदार यांच्यापुढे स्वतंत्र माईक ठेवणे हिताचे. ते एकमेकांच्या फार जवळही नसावेत. माईक तोंडापासून एक वीत असेल, तर दुसरा माईक त्या माईकपासून किमान तीन विती दूर असावा, असा या व्यवसायातील संकेत आहे. अन्यथा एकच आवाज दोन माईकांत किंचित मागेपुढे पोचतो आणि पोकळ भासू लागतो.

हे सारे आवाज मिक्सर नावाच्या यंत्रात येतात. बहुचॅनेल ध्वनिमुद्रणाचा विशेष असा, की प्रत्येक माईकची नोंद वेगळी राहते. दोन वकील एकदम बोलू लागले, तरी नंतर प्रत्येकाचे म्हणणे निराळे ऐकता येते. अशा नोंदीत सेकंदाला ४८,००० वेळा, प्रत्येकी २४ बिटांत, आवाजाचे मोजमाप होते. आठ माईकांची एका तासाची नोंद सुमारे ४ गिगाबाइट जागा व्यापते.

चित्र आणि आवाज यांची सांगड

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२१ साली सिद्ध केलेल्या आदर्श नियमावलीत कॅमेऱ्यांसाठी किमान पाच कोन सुचविले आहेत: एक न्यायासनाकडे, दोन वकिलांकडे, एक आरोपीकडे आणि एक साक्षीदाराकडे. चित्रावरील प्रक्रियेस आवाजापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून आवाज मुद्दाम थोडा थोपवून धरावा लागतो. तसे न केल्यास शब्द आधी आणि ओठांची हालचाल मागाहून, असा विचित्र प्रकार दिसतो. पुढे एन्कोडर नावाचे यंत्र चित्र व आवाज आटोपशीर करून इंटरनेटवर धाडते. ही जोडणी तुटली तर प्रक्षेपण थांबते. दालनातील यंत्रात चाललेली मूळ नोंद मात्र सुरक्षित राहते.

काय बाहेर जाऊ नये

घराला दार हवे, तशी त्याला कडीही हवी. पतिपत्नींमधील वाद, लैंगिक अत्याचाराची प्रकरणे आणि बालकांवरील अत्याचाराची प्रकरणे प्रक्षेपणातून वगळावीत, असे ही नियमावली सांगते. वकील आणि पक्षकार यांच्यातील खाजगी बोलणेही प्रसारित होता कामा नये. उघडा राहिलेला एक माईक किती अनर्थ करील, याची आपण कल्पना करू शकता! स्वतंत्र चॅनेल असल्यामुळे तेवढाच आवाज बंद करता येतो. शिवाय प्रक्षेपण दहा मिनिटे उशिराने करावे आणि ते थांबविण्याची कळ न्यायासनाच्या हाती असावी, अशीही योजना आहे.

तरीही तुकडे कापून थट्टेसाठी फिरविण्याचे प्रकार घडलेच. २०२४ साली जबलपूरच्या खंडपीठाने अशा वापरास अंतरिम मनाई केली. २०२५ साली फौजदारी प्रकरणांचे यूट्यूबवरील प्रक्षेपण थांबविण्याचा आदेशही झाला.

वाचकहो, न्यायालयात उभा असलेला मनुष्य कोणाचा तरी पिता, कोणाची तरी कन्या असते. तिच्या अडखळण्याचा तुकडा आपल्या हाती आला, तर तो पुढे धाडू नका. मुलांनाही तसे शिकवा. आपलेच प्रकरण असेल, तर प्रक्षेपण होणार की नाही, हे आपल्या वकिलांस आधी विचारून ठेवा. पडद्यावर ऐकलेले शब्द म्हणजे आदेश नव्हे. त्याची अधिकृत प्रत अवश्य घ्या. एवढे पथ्य पाळले, तर जबलपूरच्या दालनातील शब्द पांढुर्ण्याच्या ओसरीवर बसलेल्या आईच्या कानी जसाच्या तसा पडेल, आणि तो ऐकताना कोणाची मान खाली जाणार नाही.