मुंबई दाखवाल, पण पाहाल कधी?

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की घराघरांत एकच टुमणं सुरू होतं, "आई, आपण मुंबईला कधी जायचं?" मुलांना पेंग्विन बघायचे असतात. सासूबाईंना सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं असतं. 'ह्यां'चं एखादं काम अडलेलं असतं, तेही त्याच फेरीत उरकायचं असतं. आणि तुम्हाला काय बघायचंय? ते कुणी विचारलेलंच नसतं. खरं सांगायचं तर आपणही आपल्याला विचारलेलं नसतं.

माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एक वहिनी तीनदा मुंबईला जाऊन आल्यात. एकदा नणंदेच्या बाळंतपणाला, एकदा भाच्याच्या लग्नाला आणि एकदा यजमानांच्या ऑपरेशनसाठी. परवा मला विचारत होत्या, "काय गं, समुद्र किती लांबून दिसतो?" तीन वेळा मुंबई झाली, पण बाईंनी पाहिला तो डोंबिवलीच्या नणंदेच्या घरचा ओटा! नणंदेला तरी काय बोलणार? दोन खोल्यांत आठ माणसं उतरली की दोघींनाही स्वयंपाकघराबाहेर पडता येत नाही.

म्हणून यंदा बेत आखताना दोन गोष्टी आधीच ठरवा. एक, दिवसातून एकच भाग. गेटवे, सिद्धिविनायक, राणीबाग आणि जुहू असं सगळं एका दिवसात कोंबलं की मुलं रडतात, सासूबाईंचे गुडघे धरतात आणि पिशव्या तुमच्या हातात येतात. दुसरी, दोन दिवसांतली एक जागा तुमच्या पसंतीची. का, कशाला, ते कुणाला पटवून देत बसू नका.

लोकलचं गणित

गावाकडच्या माणसाला मुंबईत भीती वाटते ती लोकलची, आणि ती उगीच नाही. पण या गर्दीलाही एक दिशा असते. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई सीएसएमटी आणि चर्चगेटकडे धावत असते, संध्याकाळी तीच गर्दी उलटी फिरते. तुम्ही त्या वेळी गर्दीच्या विरुद्ध दिशेला जा, चक्क बसायला जागा मिळते.

महालक्ष्मी, देवगिरी किंवा विदर्भ एक्स्प्रेसने येणाऱ्यांना हे सहज जमतं, कारण या गाड्या सकाळीच सीएसएमटीला पोचतात. आधी डोंबिवली गाठून मग पुन्हा मुंबईत यायची काही गरज नाही. मोठ्या स्टेशनवर क्लोक रूम असते, तिथे सामान ठेवा. फक्त बॅगांना कुलपं हवीत, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. चहा-नाश्ता होईपर्यंत मुलांना स्टेशनची इमारत बाहेरून दाखवा. १८८८ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर मोर आणि माकडंही कोरलेली आहेत, ती कोण आधी शोधतं अशी पैज लावून द्या.

लोकलमध्ये चढण्याआधी मात्र प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं सगळ्यांना उभं करा. महिलांच्या डब्यात तुम्ही, सासूबाई आणि लहान मुलं. बारा वर्षांवरचा मुलगा वडिलांबरोबर साध्या डब्यात. उतरायच्या स्टेशनचं नाव प्रत्येकाकडून वदवून घ्या. कुणी मागे राहिलंच तर त्याने तिथून हलायचं नाही, न्यायला आपण परत यायचं, हेही सांगून ठेवा. फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलांच्या खिशात हवीच. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही! पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं लागतं, हेही लक्षात असू द्या.

राणीची बाग, आता जिजाबाईंची

सीएसएमटीहून तिसरं स्टेशन भायखळा. पूर्वेला उतरून दहा-बारा मिनिटं चाललं की राणीची बाग. नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी तोंडी राणीबागच आहे. बुधवारी बंद, हे मात्र गिरवून ठेवा. बुधवारी सुट्टीचा सण आला तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद असते.

इथले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. काचेपलीकडे ते पाण्यात सूर मारू लागले की मुलं तिथून हलत नाहीत. मोठी माणसंही हलत नाहीत, कारण आत मस्त गार असतं! २०१७ मध्येच तिकिटाचे नवे दर ठरले, तेव्हा आई-वडील आणि दोन मुलांसाठी मिळून १०० रुपयांचं एक तिकीट निघालं. या चौकोनी कुटुंबात आजी बसत नाही, तिचं तिकीट वेगळं. सरकारी हिशेबातसुद्धा सासूबाई वेगळ्याच! दर बदलत असतात, तेव्हा निघताना एकदा चौकशी करा.

माझं ऐकाल तर प्राण्यांइतकाच वेळ झाडांना द्या. ही बाग १८६० च्या दशकातली आहे, त्यामुळे शहरात इतरत्र सहसा न दिसणारी मोठमोठी झाडं इथे आहेत. गोरखचिंचेचा अगडबंब बुंधा आहे, कैलासपती आहे. लाल-गुलाबी फुलांचे झुबके लोंबणारी उर्वशी आहे. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, आपल्या गावात बघायला मिळणं कठीण. सासूबाईंना एखाद्या सावलीत बसवा, डबा उघडा, आणि अर्धा तास तरी कुणाला उठू देऊ नका.

बागेच्या फाटकाशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मध्यंतरी ते दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून आधी विचारून जा. तेही बुधवारी बंदच असतं. आवारातला दगडी हत्ती मुलांना जरूर दाखवा. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. बेटावरून हलवताना हत्तीचे तुकडे झाले, ते १९१४ मध्ये पुन्हा जोडून त्याला उभं केलं. घारापुरीला जाणार असाल तर आधी हा हत्ती बघा, म्हणजे गोष्ट जुळते.

आता एक नाजूक, पण महत्त्वाची गोष्ट. प्रवासात आपण बायका काय करतो? पाणीच पीत नाही. सकाळी घोटभर चहा घेतला की संध्याकाळपर्यंत तोंड मिटून राहतो, कारण 'सोय' कुठे असेल याची खात्री नसते. मग घरी आल्यावर डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. याच प्रश्नावर २०११ पासून मुंबईतल्या कार्यकर्त्या 'राइट टू पी' या नावाने लढल्या. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे का घेता, हा त्यांचा सवाल होता. तुम्ही एवढंच करा, प्रत्येक मोठ्या ठिकाणाहून निघताना स्वच्छतागृहात जाऊनच बाहेर पडा. राणीबाग, संग्रहालयं आणि मेट्रोची स्टेशनं इथे सोय असते. त्यात लाजायचं काय? मुलींना तर मुद्दाम आठवण करा. त्या आपल्याकडूनच न बोलणं शिकतात.

मेट्रोचा विषय निघालाच आहे तर सांगते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली, आणि सासूबाईंना घेऊन फिरणाऱ्यांचं काम सोपं झालं. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, गारवा आहे. सिद्धिविनायकाला त्याच नावाचं स्टेशन आहे, पण मंगळवार टाळा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, जिथे यंत्रांची बटणं दाबून मुलं दमतात, तिथेही मेट्रोने जाता येतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला हुतात्मा चौक जवळ पडतं. पावसात या जागा बऱ्या. तारापोरवाला मत्स्यालय मात्र शोधू नका. तुमच्या शाळेची सहल तिथे गेली असेल, पण १९५१ चं ते मत्स्यालय आता बंद झालंय.

तुमच्या पसंतीची जागा

कुणी दादरला साड्या बघेल, कुणी शिवाजी मंदिरात नाटक. १९६५ पासूनचं हे नाट्यगृह दादर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. मुलं लहान असतील तर सुट्टीत बालनाट्यं असतात, पेपरातल्या जाहिराती बघून घ्या.

मला विचाराल तर मी घारापुरी सांगेन. गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने तासभर. समुद्र नुसता काठावरून बघण्यापेक्षा त्याच्यावर तरंगावं, आणि तेही बोटीत बसून, काही काम नसताना! सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबवतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीने प्रवासी बोटीला धडक दिली आणि माणसं दगावली. म्हणून बोटीत पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागा, मुलांना स्वतः बांधा. "काही होत नाही हो ताई," म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जास्त माणसं भरलेली वाटली तर ती बोट सोडा, पुढची येते.

धक्क्यापासून थोडं अंतर छोट्या गाडीतून जाता येतं. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, ती उतरताना बघा. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. माकडं फार आहेत, खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा. लेण्यांच्या तिकिटात पंधरा वर्षांखालची मुलं फुकट.

आत गेल्यावर सगळे त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही फिरू नका. सुमारे वीस फुटी त्या मूर्तीचा तुमच्या उजवीकडचा चेहरा नीट बघा. कोवळा, शांत, बाईचा चेहरा आहे तो. शेजारी अर्धनारीश्वर आहे. जरा पुढे शंकर-पार्वतीचं लग्न कोरलंय. वडील लेकीला पुढे करतायत आणि ती मान खाली घालून उभी आहे. आणखी एका ठिकाणी पार्वती रुसून बसलीय, जाणकार तिला मानिनी म्हणतात. मूर्तींची पुष्कळ तोडफोड झालीय, हात-पाय गेलेत. तरीही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कुणा कारागिराने बाईचा रुसवा दगडात इतका नेमका पकडला, हे बघायला मी पुन्हा पुन्हा जाते. सासूबाईंनाही ही मूर्ती दाखवा. लग्नाच्या, रुसव्या-फुगव्याच्या त्यांच्याकडच्या गोष्टी अशा वेळी निघतात, आणि त्या आपण घरी कधी ऐकलेल्या नसतात.

हे बेट रायगड जिल्ह्यात येतं. मुंबई इतकी जवळ, पण इथल्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ मध्ये! सरबत, काकडी विकणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोला, त्या खूप काही सांगतात. रात्री बेटावर राहता येत नाही, तेव्हा शेवटच्या बोटीची वाट न बघता चारच्या सुमारास धक्क्यावर या.

गेटवेला उतराल तेव्हा पाच वाजलेले असतील आणि परतीच्या लोकल भरू लागलेल्या असतील. त्या गर्दीत मुलांना घेऊन शिरू नका. टॅक्सी करून गिरगाव चौपाटीला जा, भेळ खा, सूर्य बुडेपर्यंत वाळूत बसा. पाण्यात मात्र नको. नंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाय सोडून नऊ वाजेपर्यंत निवांत वारा खा. रात्री जेवायला आम्ही नाही, पोळ्या लाटू नका, हे नणंदेला सकाळीच सांगून निघा. आणि तिला सुट्टी असेल तर तिलाही सोबत घ्या. मुंबईत राहून तीही कितीतरी वर्षांत इथे आलेली नसते.