वैशाखातल्या परसातली मोजदाद

वाशीम जिल्ह्यात हरभरा आणि गहू निघाल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेते उघडी पडलेली असतात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो, आणि नेमक्या याच काळात परसातली फुलपाखरे व फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी पूर्वीपेक्षा कमी दिसतात असे बोलले जाते. या म्हणण्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात : एक म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात होणारी आणि पावसाबरोबर भरून निघणारी घट, आणि दुसरी म्हणजे वर्षामागून वर्षे होत जाणारा, न भरून निघणारा ऱ्हास. पहिली डोळ्यांना लगेच दिसते आणि दुसरी केवळ शिस्तीने केलेल्या मोजणीतून कळते, म्हणून उन्हाळी शुकशुकाटाला ऱ्हासाचा पुरावा मानणे जितके चूक, तितकेच त्याला निव्वळ ऋतुचक्र म्हणून सोडून देणेही चूक ठरते.

फुलपाखरांचा उन्हाळा प्रामुख्याने लपण्याचा असतो. गोडलिंब, लिंबू आणि बेल यांच्या पानांवर वाढणारे पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे लिंबाचे फुलपाखरू पावसाळ्यात कोशातून आठवडा-दीड आठवड्यात बाहेर पडते. मात्र प्रतिकूल हंगामात त्याचा कोश महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो, आणि वाढ थांबवून काढलेल्या या काळाला सुप्तावस्था म्हणतात. गवतावर वाढणाऱ्या आणि संध्याकाळी उडणाऱ्या ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’ या फुलपाखराची तर दोन ऋतुरूपे असतात, म्हणजे एकाच जातीची पावसाळी व उन्हाळी पिढी वेगळी दिसते : पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या हंगामातल्या पिढीत ते जवळजवळ मावळून पंख वाळक्या पानासारखा होतो, आणि पालापाचोळ्यात बसलेले हे फुलपाखरू पाय पडण्याच्या बेतात आल्यावरच उडते. याउलट रुई भर उन्हातही हिरवी राहत असल्यामुळे तिच्यावर पोसणारे तांबूस-नारिंगी ‘प्लेन टायगर’ मे महिन्यातही आढळते, आणि त्याची पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईच्या चिकातले विष स्वतःच्या अंगात साठवून पक्ष्यांपासून बचाव करते.

मोजणीची जी पद्धत जगभर वापरली जाते ती इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी घालून दिली, आणि 1976 पासून तिच्या आधारे तिथली राष्ट्रीय नोंद सुरू आहे. निरीक्षकाने ठरलेल्या मार्गावरून संथ चालावे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच कल्पित चौकटीत आलेली फुलपाखरे मोजावीत, चौकटीबाहेरचे फुलपाखरू कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे, आणि हाच मार्ग हंगामभर, वर्षानुवर्षे पुन्हा चालावा, एवढाच तिचा सांगाडा आहे. तिथे तापमान 13 अंशांहून कमी असता मोजणी करू नये असा नियम असून चालण्याची वेळ साधारणपणे पावणेअकरा ते पावणेचार अशी ठरलेली आहे. वैशाखातल्या वाशीममध्ये हा नियम उलटा करावा लागतो, कारण दुपारी फुलपाखरे सावलीत स्वस्थ बसतात आणि खरी हालचाल सकाळच्या कोवळ्या उन्हात आटोपते. दुपारी बारा वाजता अंगणात डोकावून ‘एकही नाही’ म्हणणाऱ्याने खरे तर उन्हाची नोंद घेतलेली असते. भारतात लोकसहभागातून होणाऱ्या मोठ्या गणनांपैकी परसातल्या पक्ष्यांची गणना फेब्रुवारीत आणि फुलपाखरांचा विशेष महिना सप्टेंबरात येतो, त्यामुळे एप्रिल-मे हे महिने ज्याचे त्यानेच मोजायचे राहतात.

पक्ष्यांबाबत आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हमिंगबर्ड हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. इकडे भ्रमणध्वनीवर हमिंगबर्ड म्हणून फिरणारी चित्रफीत बहुधा सूर्यपक्ष्याची, आणि पुष्कळदा तर फुलासमोर हवेत स्थिर राहणाऱ्या एखाद्या पतंगाची असते. वाशीमच्या परसात येतो तो जांभळा सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर. तो जेमतेम दहा सेंटिमीटर लांब असून जास्वंदीच्या लांबट फुलात चोच पोहोचली नाही तर देठाजवळ भोक पाडून मध चोरतो. पळस बहरात असता, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पुढे, त्याच्या विणीचा काळ येतो, मादी कोळ्याच्या जाळ्याने साल व काडीकचरा बांधून बटव्यासारखे लोंबते घरटे करते, आणि विणीनंतर नराचा झळाळता काळा-जांभळा पिसारा जाऊन तो मादीसारखा पिवळसर होतो व गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. ‘काळे पक्षी गेले’ ही नोंद अशा वेळी पक्ष्याच्या नव्हे, पिसाऱ्याच्या जाण्याची असते.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023 च्या अहवालात दीर्घकालीन कल सांगता आला अशा 338 जातींपैकी 204 जाती घटलेल्या आढळल्या, परंतु मध आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांची स्थिती कीटक खाणाऱ्यांपेक्षा बरी असल्याचेही त्यात नमूद आहे. हे सूर्यपक्ष्याला दिलासा देणारे वाटले तरी त्याची पिल्ले मधावर वाढत नाहीत. त्यांना अळ्या, कोळी आणि बारीक किडे भरवावे लागतात, आणि म्हणून परसातल्या अळीचा प्रश्न हा पक्ष्याचाही प्रश्न होतो.

अळीची जागा मात्र खरोखरच आक्रसत आहे. सोयाबीनचा पट्टा झालेल्या या जिल्ह्यात दोन शेतांमधला धुरा हीच रानवनस्पतींची उरलीसुरली वस्ती असून त्यावरची रुई, एरंड आणि तरोटा, तसेच बांडगूळ धरून उभी असलेली जुनी झाडे या सगळ्यांवर वेगवेगळ्या फुलपाखरांची अंडी व अळ्या अवलंबून असतात. तणनाशक आल्यापासून हा धुरा खुरप्याविना साफ होतो. खोडमाशी आणि चक्रीभुंग्यासाठी सोयाबीनवर वापरली जाणारी थायमेथॉक्झामसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके, म्हणजे झाडाच्या रसात मुरून पानापानात पोहोचणारी औषधे, फवाऱ्याबरोबर धुऱ्यावरच्या झाडांवरही पडतात. गावात शिरल्यावर अंगणात गट्टू बसलेले असतात, हापशीभोवतीचा ओला चिखल सिमेंटखाली गेलेला असतो, आणि नर फुलपाखरे ज्या ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात ती मातीच उरत नाही. कुंडीत बोगनवेल व दुहेरी पाकळ्यांची संकरित फुले असतात, ज्यांत मध थोडा आणि अळीला पान तर अजिबात नाही. गोडलिंबावरची अळी दिसली की ती चिरडण्याची घाई होते, ती वेगळीच.

पेरणीपूर्वी धुरा पेटवण्याची रीत या सर्वांत जास्त खटकणारी आहे, कारण ती नेमकी कोश आणि पालापाचोळ्यातली सुप्त फुलपाखरे तिथे असताना, म्हणजे मोजणीत सर्वांत कमी आकडे येत असताना पार पाडली जाते, आणि पाऊस पडून तरोटा उगवला तरी त्यावर अंडी घालायला मादी शेजारच्या न जळलेल्या धुऱ्यावरूनच यावी लागते. या कारणाने मोजणीच्या वहीत फुलपाखरांच्या आकड्याशेजारी त्या मार्गावर रुई व तरोटा उभा आहे की उपटला, धुरा जळाला की राहिला, आणि जळाला तर कोणत्या आठवड्यात, हे रकाने ठेवणे उपयुक्त ठरते; दोन-तीन वर्षांच्या जूनमधल्या नोंदी शेजारी ठेवल्यावर पावसानंतर कोणते धुरे भरून येतात आणि कोणते येत नाहीत हे त्या रकान्यांतूनच वाचता येते.