टॅक्स कमी, मग खरेदी जास्त?

मंदीत सेल्स टॅक्स कमी केला की लोक खरेदीला धावतात, हे ऐकायला सोप्पं वाटतं. ब्रिटनने करून पाहिलं. अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी १ डिसेंबर २००८ पासून तेरा महिने व्हॅट १७.५ वरून १५ टक्के केला. अंदाजे खर्च साडेबारा अब्ज पौंड! आता हिशोब करा: ११७.५० पौंडांची वस्तू ११५ ला, म्हणजे जेमतेम २.१ टक्के स्वस्त, आणि तेही दुकानदाराने किंमत उतरवली तर. ख्रिसमस सेलच्या डिस्काउंटपुढे ते कोणाला दिसणार? बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट आधीच शून्य, त्यामुळे गरिबाच्या किराण्यात फारसा फरक नाही. पण मित्रांनो, माझ्या मते खरी गंमत मुदतीत आहे. १ जानेवारी २०१० ला दर परत चढणार हे माहीत असलं, की ज्याला फ्रिज घ्यायचाच आहे तो डिसेंबरातच घेऊन टाकतो. जानेवारीतलं गिऱ्हाईक मात्र तेवढं कमी.