गढूळ बीअर आणि आपल्या संत्र्याची साल

आपल्याकडची बरीच मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, इंदूरला असतात. त्यांना भेटायला गेलेल्या आई-वडिलांना एखाद्या संध्याकाळी बाहेर जेवायला नेले जाते आणि टेबलावर कुणाचा तरी उंच ग्लास येतो. आत पिवळसर, दुधाळ, आरपार न दिसणारे पेय. "बीअर अशी गढूळ का? खराब झाली काय?" हा प्रश्न आम्हाला सभासदांनी इतक्या वेळा विचारला आहे की एकदा नीट लिहून टाकावे असे वाटले.

मंडळाच्या पानावर बीअरविषयी लिहावे का, यावर आमच्यातही दोन मते होती. पिण्याची शिफारस करण्याचा इथे मुळीच हेतू नाही. पण या ग्लासच्या काठावर बहुतेक वेळा संत्र्याची फोड असते, आणि मेनूकार्डावर 'संत्र्याची साल व धणे' असे लिहिलेले असते. पांढुर्णा-सौसरच्या माणसाने त्याकडे दुर्लक्ष कसे करावे?

आधी गढूळपणाचे पाहू. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तो उकळायचा आणि थंड करून यीस्टने आंबवायचा, की बीअर झाली. मोहाच्या दारूसारखी ती भट्टी लावून, वाफ धरून काढत नाहीत. म्हणून तिच्यात अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असते. कारखान्यातली नेहमीची बीअर शेवटी गाळून काचेसारखी स्वच्छ करतात. लहान प्रमाणावर बनवणारे ती अनेकदा गाळत नाहीत. त्यातच जवाबरोबर गहू किंवा ओट्स घातले असतील, तर त्यांतली प्रथिने पेयात तरंगत राहतात, यीस्टही थोडे राहते, आणि उजेड आरपार जात नाही. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची ज्वारीची आंबील कुणी गाळून नितळ करायला जात नाही, तिचे अंगच तसे असते. (तुलना फक्त गढूळपणापुरती आहे, ज्येष्ठांनी रागावू नये.)

गढूळ बीअरचे तीन घराणी प्रकार आहेत. जर्मनीतल्या बव्हेरियाची गव्हाची बीअर 'हेफेवाइझेन', म्हणजे शब्दशः यीस्ट आणि गहू. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळे नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास आंबताना यीस्टच तयार करते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून आली ती 'हेझी आयपीए'. तिच्यात हॉप्स उशिरा आणि भरपूर घालतात, म्हणून आंबा, अननस, मोसंबी असे वास येतात. फळ त्यातही नसते. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून हळूहळू हे सगळे प्रकार आपल्याकडच्या शहरांत पोहोचले.

आपल्या कामाचा आहे तो तिसरा प्रकार, बेल्जियमची 'विटबिअर', म्हणजे पांढरी बीअर. हिच्यात मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखर पडतात. हूगार्डन नावाच्या गावाची ही जुनी बीअर. १९५७ मध्ये तिथली तिची शेवटची भट्टी बंद पडली आणि प्रकारच संपला असे लोकांनी धरले. पुढच्या दशकात त्याच गावच्या पिएर सेलिस याने ती पुन्हा बनवायला घेतली. हा माणूस मूळचा दूधवाला, तरुणपणी त्या भट्टीत हाताखाली काम केलेला. आज जगभर जी पांढरी बीअर मिळते, तिची सुरुवात त्याच्यापासून होते.

सेलिसच्या परंपरेतली साल क्युरासाओ बेटावरच्या कडू संत्र्याची. ते फळ खाताच येत नाही, पण साल कमालीची सुवासिक असते. आपले नागपुरी संत्रे अगदी वेगळे. साल सैल, पातळ, आत पांढरा पापुद्रा कमी, म्हणून कडवटपणाही कमी. वास गोड आणि भडक. ही साल बीअरमध्ये पडली तर ती बेल्जियन चवीची नक्कल होणार नाही, वेगळेच काही होईल. आमच्या मते ते चांगलेच.

आता चव घेणे. खरे तर हे काम नाकाचे आहे आणि त्याची तयारी घरीच होते, बीअरशिवाय, मुलांनाही बरोबर घेऊन. संत्र्याची ताजी साल दुमडून दाबा. बारीक फवारा उडतो ते सालीतले तेल. (लहानपणी दिव्याच्या ज्योतीवर तो उडवून ठिणग्या काढल्या नाहीत असा सौसरकर विरळाच.) शेजारी तीच साल आठवडाभर वाळवून ठेवा. तिचा वास दबलेला, थोडा सुंठीकडे झुकणारा. मग धणे चुरडून हुंगा. धण्यात लिंबूवर्गी सुगंध किती आहे हे तेव्हा कळते. लवंग आणि जास्त पिकलेले केळेही हुंगून ठेवा.

प्रौढांपैकी ज्यांना ग्लास समोर घ्यायचाच आहे त्यांनी आधी काठावरची फोड बाजूला काढावी. ती तशीच ठेवली तर आपण फोडीचाच वास घेतो आणि बीअरला शाबासकी देतो. बीअर बर्फासारखी थंडगार असेल तर पाच मिनिटे थांबावे, कारण फार थंडीत वास उठत नाही. बाटलीतली असेल तर तळाशी बसलेला साका शेवटी हलकेच हलवून ओततात, पन्ह्याचा गर ढवळून घेतो तसा. लहान घोट, तोंडात फिरवून. जिभेला गव्हाचा मऊपणा आणि किंचित आंबटपणा लागावा. ताकासारखी ठसठशीत आंबट लागली, लोण्याचा वास आला किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याची आठवण झाली, तर ती बिघडली आहे. गढूळपणा दोष नाही, पण हे तीन दोषच आहेत. न गाळलेली बीअर थंडीतच ठेवावी लागते आणि तिचा सुवास काही आठवड्यांत उतरतो.

राहिला पैशाचा प्रश्न. "आपल्या संत्र्याची बीअर निघाली तर चुरी मालालाही भाव येईल," असे बोलताना काही तरुण सभासद दिसतात. हिशेब करून पाहू. वीस लिटर बीअरला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाळलेली साल पुरते. म्हणजे हजार लिटरला सव्वा ते दीड किलो. एक-दोन क्रेट संत्र्यांच्या सालीत तेवढे काम होते. आंबिया बहाराला मंडीत भाव पडतो तेव्हा इथल्या बागायतदाराकडे माल असतो ट्रकांनी. बीअर त्याला हात देईल ही आशा धरू नये. त्यासाठी रस, तेल आणि साठवणूक यांचीच व्यवस्था हवी. सालीला नाव मिळेल, एवढे फार तर होईल.

तरीही पुढच्या वेळी मुलाबरोबर अशा ठिकाणी बसलात, स्वतः काही घेत नसलात तरी, वाढणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. साल वाळलेली घालता की ताजी? आणि संत्रे कुठले?