यादीचे सारखे गट पाडताना

समजा, तुमच्याकडे सर्व्हेची १००३ लेखी उत्तरं आहेत आणि ती चार जणांना कोडिंगसाठी वाटायची आहेत. आपण बहुतेक जण काय करतो? १००३ भागिले ४, म्हणजे साधारण अडीचशे. मग पायथनमध्ये २५०-२५० च्या उड्या मारत यादी कापतो. गट पडतात पाच! पाचव्यात तीनच उत्तरं असतात आणि फाइली पाठवताना आपण चारच पाठवतो.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. 'प्रत्येक गट इतक्याचा' हा एक आणि 'गट इतके' हा दुसरा. पहिल्यासाठी पायथन ३.१२ पासून इटरटूल्समध्ये 'बॅच्ड' आहे. त्यात शेवटचा गट लहान राहू शकतो. वाटणीसाठी आपल्याला दुसरा हवा असतो. भागाकार २५०, बाकी ३. म्हणून पहिल्या तीन गटांना एकेक जास्त द्या: २५१, २५१, २५१, २५०. नमपायचं 'अ‍ॅरे-स्प्लिट' नेमकं हेच करतं. 'वरच्या पूर्णांकाने कापलं की झालं' असंही कोणी सांगेल. त्याला १० गोष्टी ६ गटांत वाटायला सांगा. दोन-दोन करत पाच गटांतच संपतात, सहावा रिकामा.

हे झालं गणित. माझं घोडं अडलं ते पुढे.

माझी यादी तालुक्यानुसार लावलेली होती आणि मी ती सरळ कापली. गट अगदी सारखे, एकाचाही फरक नाही, त्यामुळे खूशही होते. निकालात एका तालुक्यात तक्रारीचा सूर बराच जास्त दिसला. गाइडनी एवढंच विचारलं, "हा तालुका कोणी कोड केला?" तो जवळजवळ पूर्ण एकाच मैत्रिणीकडे गेला होता. आता लोक जास्त तक्रार करतात की ती जास्त कडक कोड करते, हे सांगायला मार्गच नव्हता. चौघांचं दोन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं, आणि तेही फुकट मदत करणाऱ्या माणसांना सांगून. (नंतर बरेच चहा पाजले.)

मग पत्ते वाटतात तसं एकेक टाकत जायचं का? आकार नीट येतात, पण एक सापळा आहे. प्रत्येक व्यक्तीची चार प्रश्नांची चार उत्तरं ओळीने असतील आणि गटही चार असतील, तर पहिल्या प्रश्नाची सगळी उत्तरं पहिल्याकडे जातात. तोच घोळ, फक्त वेगळ्या वेषात.

म्हणून आधी यादी पिसा. पिसताना सीड ठरवून लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तीच वाटणी पुन्हा काढता येते. आणि पिसण्याआधी प्रत्येक उत्तराला क्रमांक द्या, नाहीतर गट परत जोडताना रडाल. पिसल्यावर १०० उत्तरं बाजूला काढून चौघांनाही द्या. कोडिंग किती जुळतं हे त्यावरूनच कळेल. उरलेल्या ९०३ ची वाटणी २२६, २२६, २२६, २२५.

अजून एक, कारण आपण मराठी मजकुरावर काम करतो. संख्या सारखी म्हणजे काम सारखं नव्हे. एक उत्तर 'हो' असतं, दुसरं अर्धं पान. लांबी मोजायची तर पायथनच्या 'लेन'वर विसंबू नका: 'शिक्षण' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, 'लेन' सहा सांगतं, कारण वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. शब्द मोजा, तेवढं पुरतं. पिसलेली यादी शब्दसंख्येने उतरत्या क्रमाने लावा आणि नागमोडी वाटा: १-२-३-४, मग ४-३-२-१. पायथनचं सॉर्टिंग समान लांबीच्या उत्तरांचा पिसलेला क्रम मोडत नाही, त्यामुळे तालुकेही बहुधा मिसळलेले राहतात. तरी कोणत्या तालुक्याची किती उत्तरं कोणाकडे गेली, याचा एक छोटा तक्ता काढून बघाच.

वाटून झाल्यावर प्रत्येक गट आतल्या आत पुन्हा पिसा. नाहीतर सगळी लांब उत्तरं सुरुवातीला येतात आणि शेवटची दीडशे 'हो', 'नाही', 'माहीत नाही' वाचेपर्यंत कोडर झोपलेला असतो.