आरशापुरती जागा

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याची जाहिरात जवळपास वीस वर्षं एकाच आकड्यावर चालली: मेगापिक्सेल. दुकानाच्या काउंटरवर पहिला प्रश्न तोच, कॉलेजच्या कट्ट्यावरचा वादही त्यावरच. पण ज्या आकड्यांनी लोकांच्या खिशाला खरी कात्री लावली, ते जाहिरातीत कधी आलेच नाहीत. ४२, ४४ आणि ४६.५. लेन्स जिथे बसते ते धातूचं कडं आणि त्यामागची फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं हे अंतर, मिलिमीटरमध्ये मोजलेलं. एसएलआरमध्ये या दोहोंच्या मधे आरसा वर-खाली होतो, म्हणून तेवढी जागा सोडावीच लागते. कुठल्या कंपनीने ती किती सोडली आणि फोकसची मोटर कुठे बसवली, यावर कुणाची लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर चालणार हे ठरून गेलं. मेगापिक्सेल दर दोन वर्षांनी बदलले, हा हिशेब मात्र ग्राहकाच्या मानगुटीवर कायम बसून राहिला.

त्याची सुरुवात डिजिटलच्या फार आधीची. निकॉनने १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ काढला तेव्हा हे अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवलं, आणि एफ माउंट हे कडं पुढे साठ वर्षं तसंच राहिलं. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ‘७०००’ने ऑटोफोकसची लाट आणली, तेव्हाही निकॉनने कडं बदललं नाही. मोटर कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. कड्यातून एक बारीक स्क्रू डोकं बाहेर काढतो, लेन्सच्या खाचेत अडकतो आणि गरगर फिरून लेन्सची काच पुढे-मागे सरकवतो, अशी ती व्यवस्था.

कॅननने उलटी वाट धरली. १९८७ मध्ये ‘ईओएस ६५०’ आणताना कंपनीने आपला एफडी माउंट सरळ मोडीत काढला. नव्या ईएफ माउंटचा व्यास ५४ मिलिमीटर, मागचं अंतर ४४, मोटर लेन्समध्ये, आणि कॅमेरा व लेन्स यांच्यातली सगळी देवाणघेवाण विजेच्या संपर्कबिंदूंमधून. जुन्या एफडीचं अंतर ४२ होतं. म्हणजे एफडी लेन्स साधं कडं लावून ईओएसवर चढवली, तर ती फिल्मपासून किमान दोन मिलिमीटर जास्त लांब राहणार. जवळचं फूल टिपता येईल, समोरचा डोंगर कधीच स्पष्ट दिसणार नाही. एफडी लेन्सवर आयुष्यभराची पुंजी लावलेले व्यावसायिक खवळले, पण कॅनन मागे हटली नाही.

डिजिटल कॅमेरे आले ते याच दोन घरांत. कोडॅकने १९९१ मध्ये आणलेला पहिला विक्रीयोग्य डिजिटल एसएलआर म्हणजे निकॉनच्या ‘एफ३’च्या पाठीला जोडलेला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. फोटो साठवायला खांद्याला अडकवण्याची वेगळी पेटी आणि तिच्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. १९९९ मध्ये निकॉनचा ‘डी१’ आला. २.७ मेगापिक्सेल, किंमत साडेपाच हजार डॉलरच्या आसपास. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलला याचं एक साधं कारण होतं: कपाटातल्या निकॉनच्या लेन्स त्यावर चालत होत्या. २००० मध्ये कॅननने ‘ईओएस डी३०’ काढला, तोही ईएफ माउंटवरच. २००३ मध्ये ऑलिंपसने ‘ई-१’ आणि फोर थर्ड्स माउंट आणून डिजिटलसाठी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. पण कपाट रिकामं असलेला ग्राहक तेव्हा फारसा नव्हता.

तो ग्राहक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्माला आला. कॅननचा ‘ईओएस ३००डी’ ६.३ मेगापिक्सेलचा, अमेरिकेत नुसती बॉडी ८९९ डॉलरना आणि १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह ९९९ डॉलरना. हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिला डिजिटल एसएलआर. त्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता, त्यामुळे कॅननला लहान आरसा वापरता आला. लहान आरशाला जागा कमी लागते, तेव्हा लेन्सचा मागचा भाग आणखी आत ढकलून वाइड लेन्स स्वस्तात बनवता येते. हीच ईएफ-एस मालिका. कॅमेऱ्याच्या कड्यावर लाल ठिपक्याशेजारी एक पांढरा चौकोन आला. लाल ठिपक्याला ईएफ लेन्स जुळवायची, पांढऱ्या चौकोनाला ईएफ-एस. ज्या कॅमेऱ्यावर चौकोन नाही, त्यावर ईएफ-एस बसत नाही. गंमत अशी की त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालेल्या आणि ३००डीपेक्षा महाग असलेल्या ‘१०डी’वर तो चौकोन नव्हता. ज्यांनी जास्त पैसे मोजले, त्यांनाच स्वस्त वाइड लेन्सचा रस्ता बंद.

निकॉनने २००४ मध्ये ‘डी७०’ने उत्तर दिलं, पण निकॉनच्या ग्राहकाची खरी परीक्षा २००६ च्या नोव्हेंबरमध्ये होती. ‘डी४०’ लहान, हलका, हातात घेताच आवडणारा. एवढा लहान करताना निकॉनने त्यातून फोकसची मोटर काढली. ज्या लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ आहे, म्हणजे जिच्यात स्वतःची मोटर आहे, तीच त्यावर आपोआप फोकस करणार. नुसतं ‘एएफ’ लिहिलेली लेन्स चढेल, फोटोही काढेल, पण फोकस हाताने.

हा फरक सगळ्यात जास्त टोचला तो ५० मिलिमीटर एफ/१.८ या लेन्सबाबत. किट लेन्सनंतर नवशिक्याने घ्यायची ही ठरलेली दुसरी लेन्स. स्वस्त, अंधाऱ्या खोलीतही चालणारी आणि मागची गर्दी छान पुसट करणारी. कॅननची १९९० ची ५० एमएम अगदी प्लास्टिकची, कडंसुद्धा प्लास्टिकचं, पण मोटर तिच्यातच असल्याने कुठल्याही ईओएसवर विनातक्रार चालायची. निकॉनची त्याच तोडीची ‘एएफ ५० एमएम एफ/१.८डी’ डी४० वर आंधळी. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती विझेपर्यंत रिंग फिरवत बसायचं. निकॉनने ३५ एमएम एफ/१.८ मोटरसह आणली २००९ मध्ये, आणि ५० एमएम एफ/१.८ ला मोटर मिळाली २०११ मध्ये.

वापरलेला निकॉन हाताळताना जाणकार आजही आधी झाकण काढून कड्यात डोकावतात. धातूच्या रिंगेत खालच्या बाजूला चपट्या टोकाचा बारीक स्क्रू दिसला, तर मोटर आत आहे. दिसला नाही, तर कॅमेरा डी४०, डी३००० किंवा डी५००० च्या घराण्यातला. दुकानात अर्ध्या मिनिटाचं काम. पण कंपनीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट तळटिपेत असायची आणि मेगापिक्सेल मथळ्यात.

इतर कंपन्यांच्या लेन्सनी गोंधळ आणखी वाढवला. टॅमरॉनची १७-५० एमएम एफ/२.८ लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची लाडकी. मंगलाष्टकं चालू असताना हॉलमधला पिवळा उजेड, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभी गर्दी आणि मागे सरायला जागा नाही, अशा वेळी एफ/२.८ चा उजेड आणि १७ एमएमची रुंदी दोन्ही लागायचं. निकॉनसाठी ही लेन्स आधी मोटरविना आली, मग मोटरसह. टोकिनाच्या ११-१६ एमएमचंही तेच. नाव सारखं, काच सारखी, फरक एका शब्दाचा. सिग्माच्या काही जुन्या लेन्स फिल्मच्या ईओएसवर उत्तम चालत आणि डिजिटल बॉडीवर पहिल्याच क्लिकला एरर दाखवत. कॅननची इलेक्ट्रॉनिक भाषा या कंपन्यांनी स्वतः उलगडून वापरलेली, त्यामुळे नव्या बॉडीने थोडा वेगळा सवाल केला की लेन्स गप्प.

फुल फ्रेमची हवा सुटली ती २००५ मध्ये, कॅननच्या ‘५डी’पासून. १२.८ मेगापिक्सेल, ३,२९९ डॉलर. फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर आला म्हणून ५० एमएम पुन्हा ५० एमएमसारखी दिसू लागली. लहान सेन्सरच्या कॅननवर तीच ८० एमएमसारखी घट्ट दिसायची. पण ईएफ-एस लेन्स जमवलेल्यांना ५डीने दारातच अडवलं, कारण मोठा आरसा उठताना त्या लेन्सच्या मागच्या काचेवर आदळला असता. निकॉनने २००७ मध्ये ‘डी३’ काढला तेव्हा वेगळं धोरण ठेवलं. लहान सेन्सरची डीएक्स लेन्स लावली की कॅमेरा चित्राचा मधला भाग तेवढा वापरायचा. बारापैकी पाचच मेगापिक्सेल हाती लागायचे, पण लेन्स कपाटात धूळ खात पडायची नाही.

२००८ मध्ये या सगळ्याला अनपेक्षित वळण मिळालं. ऑगस्टमध्ये निकॉनचा ‘डी९०’ व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर ठरला आणि पुढच्याच महिन्यात कॅननच्या ‘५डी मार्क टू’ने पूर्ण १०८० पी व्हिडिओ आणला. सुरुवातीला मार्क टू व्हिडिओ घेताना लेन्सचं छिद्र स्वतःच ठरवायचा, चालवणाऱ्याचं ऐकायचा नाही. चित्रपटवाल्यांनी त्यावर तोड काढली: कॅननवर निकॉनच्या जुन्या लेन्स लावायच्या. निकॉनचं अंतर ४६.५, कॅननचं ४४. मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये एक पातळ कडं बरोबर मावतं, आणि निकॉनच्या लेन्सवर छिद्राची रिंग हाताने फिरवता येते. दोन दशकं मोडीत पडलेल्या लेन्सना अचानक भाव आला. कॅननने २००९ मध्ये फर्मवेअर बदलून हाताने नियंत्रण दिलं, पण तोवर ही सवय रुजली होती.

मुंबईत याचं ठळक उदाहरण म्हणजे २०११ चा ‘स्टॅनले का डब्बा’. अमोल गुप्ते यांचा हा चित्रपट अमोल गोळे यांनी कॅननच्या ‘७डी’वर चित्रित केला. शाळेतली मुलं, खरे वर्ग आणि डबे उघडण्याची मधली सुट्टी. तिथे मोठा चित्रपटी कॅमेरा मांडला असता तर मुलांच्या नजरा आधी तिकडेच वळल्या असत्या.

ताडोबात निवड वेगळ्या कारणाने होत होती. जिप्सीच्या दांड्यावर बीन बॅग टेकवून वाघाची वाट पाहणाऱ्याला लहान सेन्सर हीच मिळकत होती. निकॉनच्या डीएक्स बॉडीवर ४०० एमएम ६०० सारखी दिसते. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, २०१४ मध्ये सिग्माने त्याच पल्ल्याच्या दोन आणल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० एफ/५.६ आली आणि नोकरदार माणसाला प्रथमच लांब पल्ला परवडू लागला. नाकापेक्षा मोती जड अशी स्थिती, कॅमेऱ्याच्या तिप्पट वजनाची लेन्स. इथेही जुनी अडचण नव्या रूपात आलीच. २००-५०० चं छिद्र विजेवर चालतं आणि डी९० सारख्या जुन्या बॉडीला ते चालवता येत नाही. लेन्स फोकस करते, फोटो निघतो, पण छिद्र कायम पूर्ण उघडं.

डीएसएलआरची भरती याच सुमारास ओसरू लागली होती. जपानच्या सीपा या उत्पादक संघटनेच्या आकडेवारीत २०१२ हे शिखराचं वर्ष दिसतं: सुमारे १ कोटी ६२ लाख डीएसएलआर रवाना झाले. २०२० मध्ये तो आकडा २४ लाखांवर आला आणि आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी २९ लाखांसह त्यांना मागे टाकलं. पॅनासॉनिकने २००८ मध्ये आरसा काढला, सोनीने २०१३ मध्ये ‘ए७’मध्ये तो फुल फ्रेमवरून काढला, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन दोघांनीही नवी कडी जाहीर केली. निकॉनच्या झेड माउंटचं अंतर १६ मिलिमीटर, कॅननच्या आरएफचं २०. अंतर इतकं घटल्यावर जुन्या लेन्ससाठी कडं घालायला मुबलक जागा झाली. १९८७ मध्ये बेवारस झालेली एफडी लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरवर समोरचा डोंगर पुन्हा स्पष्ट दाखवू लागली. ५डीने अडवलेली ईएफ-एस लेन्सही फुल फ्रेम ‘ईओएस आर’वर कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने बसली, फक्त कॅमेरा चित्र छाटून घेतो.

निकॉनच्या एएफ लेन्सवाल्यांच्या पदरी मात्र जुनंच दुखणं आलं. कंपनीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे स्क्रूवर चालणारी लेन्स झेड कॅमेऱ्यावर पुन्हा हातानेच फोकस करावी लागते.

डिसेंबर २०२१ मध्ये कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी ‘योमिउरी शिंबुन’ला सांगितलं की ‘ईओएस-१डी एक्स मार्क थ्री’ हा त्यांचा शेवटचा सर्वोच्च डीएसएलआर असेल. रिकोने मात्र त्याच वर्षी पेंटॅक्स ‘के-३ मार्क थ्री’ काढला, १९७५ पासून चालत आलेल्या के माउंटवर. तरीही आता डीएसएलआरची निवड बहुतेक वेळा जुन्या बाजारातच होते. तिथे लेन्सची काच टॉर्च मारून पाहिली जाते, कारण कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्सला फंगस धरतो आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. बॉडीचं शटर किती वेळा उघडलं ते विचारलं जातं. आणि ज्यांच्याकडे ८०-२०० एमएम एफ/२.८डी सारखी स्क्रूवाली निकॉन लेन्स आहे, ते अजूनही डी७२०० किंवा डी७५० शोधतात: दोन्हींत मोटर आहे, आणि मिररलेसकडे गेलेल्यांनी विकायला काढलेल्या बॉडी त्यांना मूळ किमतीच्या थोड्या भागात मिळतात.