पोलिसांची गाडी आत्ता कुठे आहे?

भिलाईच्या कॅम्प-1 मधून तुम्ही 112 लावलात, तर तुमच्या दारात कोणती गाडी येणार? जी सर्वांत लवकर पोहोचेल ती! पण ती कोणती, हे नियंत्रण कक्षाला कळायला हवं. त्यासाठी गस्तीच्या गाडीत एक छोटं जीपीएस यंत्र असतं.

छत्तीसगडमध्ये डायल 112 सेवा 2018 मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातच दुर्ग जिल्हा होता, आणि भिलाई याच जिल्ह्यात येतं. महाराष्ट्रात हेच काम नवी मुंबई आणि नागपूरच्या कक्षांतून चालतं.

यंत्र किमान 4 उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचं ठिकाण काढतं आणि मोबाइल नेटवर्कवरून कक्षाला कळवतं. पण असं यंत्र निवडताना स्वस्त-महाग एवढंच पाहून चालत नाही.

किती वेळाने कळवतं? ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी 30 सेकंदांत अर्धा किलोमीटर पुढे जाते. दर 10 सेकंदांनी ठिकाण कळलं, तर हा फरक साधारण 170 मीटरवर येतो.

नेटवर्क गेलं तर? चांगलं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि नेटवर्क येताच पाठवतं. कुणी वायर काढली, तर आतल्या बॅटरीवर चालू राहून कक्षाला इशारा देतं.

नकाशाला रस्ते कळतात का? भिलाईत रेल्वेमार्गाच्या एका बाजूला कारखान्याच्या वसाहतीची सेक्टर्स आणि दुसऱ्या बाजूला कॅम्प आहे. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या गाडीला रूळ ओलांडायला वळसा घ्यावा लागू शकतो. म्हणून अंतर रस्त्याने मोजायला हवं.

नोंदी कोण पाहणार? गाडी उशिरा का आली, याचा जाब या नोंदींवरून विचारता येतो. अडचणीत सापडलेल्या पोलिसांपर्यंत मदतही पोहोचवता येते. पण गस्तीचा मार्ग भलत्याच्या हाती पडला तर चोराचंच फावेल!

गाडीचं ठिकाण कळलं, तरी तुमचं कळायला हवं ना? फोनचं लोकेशन गल्लीत थोडं चुकू शकतं. म्हणून घराजवळची ठळक खूण, मंदिर, शाळा किंवा दुकान, घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. फोनच्या पॉवर बटणावरून मदत मागण्याची सोय कशी चालते, तेही आजच सेटिंगमध्ये पाहून ठेवा. मात्र गंमत म्हणून 112 लावू नका. त्याच वेळी कुणाला तरी त्या गाडीची खरी गरज असेल.